लेप नवा, गळती जुनीच: मोटरहोमच्या रबरी टपाचं दुखणं

मोटरहोमच्या, म्हणजे राहण्या-झोपण्याची सोय असलेल्या गाडीच्या, छताला आतून पडणारा तपकिरी डाग एका रात्रीत होत नाही. झाडाच्या खोडात असतात तशी त्याला वलयं असतात, प्रत्येक मोठ्या पावसाचं एक. ड्रायव्हरच्या डोक्यावर झोपायचा जो कप्पा असतो, माझ्या गाडीत त्याच्या कोपऱ्यात अशी पाच वलयं मोजून झाली, तोवर टपाला लेपाचे दोन हात देऊन झाले होते. पहिला हौसेनं, दुसरा चिडून. सहावं वलय दिसलं तेव्हा मात्र डबा आणि रोलर बाजूला ठेवले आणि पाणी येतंय कुठून ते शोधायला लागलो. हे काम सगळ्यात आधी करायला हवं होतं.

"दर दोन वर्षांनी टप रंगवतो, तरी गळतंच" अशी ज्यांची तक्रार आहे त्यांच्यासाठी हे लिहितोय. रबराच्या सपाट अंगातून पाणी क्वचितच आत येतं. ते येतं टपाला पाडलेल्या भोकांच्या काठांतून आणि चारी कडांच्या सांध्यांतून. हवा खेळती ठेवणारी झाकणं, एसी, गॅसवर चालणाऱ्या फ्रीजची चिमणी, संडासाच्या टाकीची हवा सोडणारा नळ, अँटेना, शिडीचे पाय, सोलर पॅनलचे ब्रॅकेट अशी पंधरा-वीस भोकं साध्या गाडीवरही निघतात. ती बुजवायचं काम सीलंटचं, म्हणजे फटीत भरायच्या चिकट लुगदीचं. लेपाचं काम उन्हापासून रबर वाचवणं आणि झिजलेला वरचा थर भरून काढणं. लेपावर सीलंटचं ओझं टाकलं की गळती थांबत नाही आणि लेपही वाया जातो.

आधी टप कशाचा आहे ते बघा

सगळे याला "रबरी टप" म्हणतात, पण त्यात दोन जाती आहेत. ईपीडीएम हे खरं रबर. टीपीओ हे रबरासारखं वागणारं प्लास्टिक. दिसायला दोन्ही पांढरट, पण प्रायमर (लेप चिकटावा म्हणून आधी द्यायचा थर) आणि लेप यांच्याशी दोघांचं जमतं ते वेगवेगळ्या तऱ्हेनं, म्हणून चुकीची जात धरून चाललात तर पुढचं सगळं चुकतं.

ओलं बोट टपावर जोरात घासा. खडूसारखी पांढरी भुकटी बोटाला लागली तर बहुतेक ईपीडीएम. मात्र आधीच्या मालकानं त्यावर काही फासलं असेल तर ही भुकटी त्या लेपाची असू शकते. जुना अ‍ॅक्रिलिक लेपही अशीच भुकटी सोडतो. म्हणून पक्की खात्री आतून करायची. छतातल्या एखाद्या झाकणाची आतली प्लास्टिकची चौकट स्क्रू काढून खाली घ्या. भोकाच्या आत दुमडलेली टपाची कापलेली कड दिसेल. मागची बाजू काळी, मऊ, रबराच्या ट्यूबसारखी ताणली जाणारी असेल तर ईपीडीएम. कडक, ताणायला नाखूश आणि मध्ये जाळीदार कापड दिसलं तर टीपीओ. स्क्रू काढलेच आहेत तर त्याच भोकातून प्लायवूडची कडही बोटानं दाबून बघा. ती कोरडी आणि टणक असेल तर पहिली चांगली बातमी मिळाली म्हणायची.

ईपीडीएमवर भुकटी येणं हा रोग नव्हे. ऊन लागून वरचा थर हळूहळू झिजतो, तीच ती भुकटी. पावसाबरोबर ती भिंतींवरून ओघळते आणि वाटेतली धूळ घेऊन काळे पट्टे ओढते. भिंती पुन्हा पुन्हा धुऊन कंटाळला असाल तर बादली टपावर न्या; पट्ट्यांचं मूळ तिथे आहे. पांढऱ्या थरातून खालचा काळा रंग ठिकठिकाणी डोकावायला लागला की मात्र लेपाची वेळ झाली. मोटरहोमवर हे रबर जेमतेम 1 मिलिमीटरच्या आसपास जाड असतं, त्यामुळे काळं दिसल्यावर फार वर्षं वाट पाहू नये.

गळती कुठे आहे

डाग जिथे आहे तिथे वर भोक असतंच असं नाही. पाणी प्लायवूडच्या वरून, फ्रेमच्या कडेनं, वायरच्या अंगानं वाट काढत जातं आणि जिथे अडतं तिथे ठिबकतं. हाताच्या अंतरावर ठिबकलं तर नशीब. दोन-अडीच मीटरचा प्रवास करून आलेलं पाणीही मी पाहिलं आहे.

म्हणून आधी प्रश्न विचारायचे. कधी गळतं? उभ्या गाडीत पाऊस पडला की, पावसातून गाडी चालवली की, की पाऊस नसतानाही? माझ्या बाबतीत हा प्रश्न मी कधी विचारलाच नव्हता. त्या कप्प्यात झोपणाऱ्या मुलीनं एकदा सहज म्हटलं, "बाबा, नुसता पाऊस पडला तर नाही होत. आपण पावसातून लांब आलो ना, की त्या रात्री गादी ओली लागते." दोन वर्षं मी टप रंगवत होतो आणि उत्तर तिच्या गादीवर पडलेलं होतं. उभ्या गाडीत कोरडं आणि धावत्या गाडीत ओलं याचा अर्थ पाणी समोरून, वाऱ्याच्या दाबानं घुसतंय. टपाचा त्यात काही संबंधच नव्हता. गाडीच्या कपाळावर नारिंगी रंगाचे जे छोटे दिवे ओळीनं असतात, त्यातल्या मधल्या दिव्यामागचा फोमचा गॅस्केट, म्हणजे पाणी अडवणारी मऊ गादी, कुजून भुगा झाला होता. दिव्याच्या मागे वायरसाठी पाडलेलं भोक थेट भिंतीच्या आत जात होतं. पाऊस आणि वेग एकत्र आले की पाण्याला हवी तशी वाट.

दुरुस्ती अर्ध्या तासाची होती. दिवा काढला, वायरच्या भोकात न ओघळणारं सीलंट भरलं, नवा गॅस्केट घातला आणि दिव्याच्या वरच्या व दोन्ही बाजूंच्या कडेनं सीलंटची रेघ ओढली. खालची कड मुद्दाम उघडी ठेवली. चुकून आत गेलेल्या पाण्याला बाहेर यायला वाट हवी. चारी बाजूंनी बंद केलेला दिवा म्हणजे पाण्याची वाटी.

पाऊस नसताना ओल दिसत असेल तर गळती नसून बाष्प असण्याची शक्यता मोठी. थंड रात्री चार माणसं बंद गाडीत श्वास घेतात, वर गॅसवर काही शिजतं. 1 किलो स्वयंपाकाचा गॅस जळला की दीड लिटरहून जास्त पाणी वाफेच्या रूपात हवेत येतं. ते थंड जागी बसतं: स्क्रूच्या डोक्यांवर, धातूच्या चौकटींवर, कपाटांच्या मागच्या कोपऱ्यांत. असे थेंब छतभर सारखे विखुरलेले असतात आणि त्यांना तपकिरी कड नसते. त्यावर उपाय खिडकी किलकिली ठेवणं आणि पंखा. टपावर चढायची गरज नाही.

खरी गळती असेल तर दोन चाचण्या आहेत. पहिली पाण्याची. साध्या नळीनं, जोर न लावता, पाणी सोडायचं आणि एक माणूस आत टॉर्च घेऊन बसवायचा. सुरुवात सगळ्यात खालच्या भागापासून: आधी खिडक्या, मग कपाळावरचे दिवे, मग कडेच्या पट्ट्या, मग टपावरचं एकेक झाकण. प्रत्येक ठिकाणी दहा-पंधरा मिनिटं धीर धरायचा. वरून सुरुवात केली तर पाणी सगळीकडे ओघळतं आणि शेवटी काहीच कळत नाही. प्रेशर वॉशर या कामाला वापरू नका. चांगल्या सांध्यातही तो पाणी घुसवतो आणि सैल कडेखाली रबर उचलतो.

दुसरी हवेची, आणि मला ती जास्त भरवशाची वाटते. आतली गॅसची सगळी उपकरणं बंद करा, खिडक्या-झाकणं लावा, चिमणी आणि इतर उघडी तोंडं बाहेरून टेपनं बंद करा. एका खिडकीत पुठ्ठ्याची चौकट करून ब्लोअर बसवा आणि बाहेरची हवा आत ढकला. खूप दाब लागत नाही, दार उघडताना किंचित अडल्यासारखं वाटलं की पुरे. आता टपावर साबणाचं पाणी फवाऱ्यानं मारत सांध्यासांध्यानं फिरा. फट असेल तिथे बुडबुडे फुलतात. कधी बारीक फेस, कधी एकच मोठा फुगा, हळूहळू मोठा होणारा. मी ही चाचणी केली तेव्हा टपावर एकही बुडबुडा आला नाही. कपाळावरच्या दिव्याखाली मात्र साबण उकळतोय असं वाटलं.

एसीखाली ओल

हे वेगळं सांगावं लागतं कारण इथे जवळजवळ प्रत्येक जण एकच चूक करतो. एसीच्या बाहेरच्या कडेला सीलंट फासतो. एसी टपावर चार लांब बोल्टांनी आतून ओढून धरलेला असतो आणि त्याच्या खाली, भोकाभोवती, फोमचा जाड गॅस्केट असतो. पाणी अडवतो तो हा गॅस्केट. एसीचं स्वतःचं पाणी त्याच्या तळातून टपावर यायचं असतं. बाहेरून कड बंद केलीत तर ते आत तुंबतं आणि मग गॅस्केटवरून आत येतं.

आतलं जाळीचं झाकण काढा, चारही बोल्ट दिसतील. वर्षांनुवर्षं हादरे बसून ते सैल होतात. आलटून-पालटून, समोरासमोरचे, थोडे थोडे आवळा. गॅस्केट मूळ जाडीच्या साधारण निम्मा होईपर्यंत, त्यापुढे नको. जोर लावून आवळल्यास एसीचा तळ वाकतो, टपाचं लाकूडही दबतं आणि त्या खोलगट जागेत पाणी साचायला लागतं. गॅस्केट आधीच पोळीसारखा चपटा झाला असेल तर बोल्ट सोडून नवा घाला. एसी जड असतो. उचलायला दोघं हवेत.

सिलिकोन नावाचा त्रास

जुन्या गाडीच्या टपावर कुणी ना कुणी बाथरूमचं सिलिकोन फासून ठेवलेलं असतंच. ते चकचकीत राहतं, नखानं दाबलं की रबरासारखं परत येतं, आणि त्यावर बॉलपेननं रेघ ओढली तर शाई धरत नाही. वाळलेल्या सिलिकोनवर सिलिकोनशिवाय काहीही नीट चिकटत नाही. ना सीलंट, ना प्रायमर, ना लेप. माझा पहिला लेप फ्रीजच्या चिमणीभोवती सापाच्या कातीसारखा सुटून आला, आणि त्या कातीच्या पाठीवर खालच्या सिलिकोनचा गुळगुळीत ठसा जसाच्या तसा उमटला होता.

ते काढण्याला सोपा मार्ग नाही. प्लास्टिकचा स्क्रॅपर, हीट गन अगदी मंद, आणि गुडघ्यांखाली जाड उशी. कडेची एक पट्टी उचलून दोन बोटांत धरायची आणि टपाच्या पृष्ठभागाला जवळजवळ समांतर, मागे मागे ओढायची. सरळ वर ओढलं तर तुटते. कधी वीतभर लांब निघते आणि बरं वाटतं, कधी दाण्यादाण्यानं खरवडावं लागतं. पोलादी पाते वापरायचा मोह होतो. एकदा माझा हात घसरला आणि 3 सेंटिमीटरचा चीर रबरात गेला. त्या चिरेवर ठिगळ लावताना जो वेळ गेला त्यात तीन चिमण्या साफ झाल्या असत्या.

रॉकेल, पेट्रोल, थिनर यांनी पुसायचा विचार मात्र डोक्यातून काढून टाका. तेलवर्गीय काहीही ईपीडीएमला फुगवतं. रबर सुजतं, लाटा येतात, खालच्या लाकडापासून सुटतं. संत्र्याच्या सालीच्या अर्काची स्वच्छता द्रव्यंही त्याच गटात. पुसायला डिनेचर्ड अल्कोहोल (न पिण्याजोगं केलेलं स्पिरिट) किंवा लेपाच्या कंपनीनं सांगितलेलं द्रव्य, तेही फडक्यावर घेऊन, टपावर ओतून नाही. जवळ विडी-काडी नको हे सांगायला नको.

मूळचं सीलंट असेल तर सगळं काढायची हौस करू नका. घट्ट धरून असेल, नुसतं मळलं असेल, तर धुऊन त्यावरच नवा थर द्यायचा. भेगा पडलेलं, कडेनं उचललेलं तेवढंच काढायचं. भेगेत काडी घालून बघा: वरच्या वर थांबली तर ती उन्हानं पडलेली सुरकुती, तळाशी लाकडाला टेकली तर पाण्याचा रस्ता.

नवं सीलंट दोन प्रकारचं लागतं. आडव्या जागी आपोआप पसरून सपाट होणारं, आणि उभ्या जागी न ओघळणारं. पहिलं उभ्या कडेवर लावलंत तर सकाळी ते खिडकीवर आलेलं असेल. म्हणूनच सीलंट लावताना गाडी समपातळीवर उभी हवी. स्क्रूची डोकी पूर्ण झाकली गेली पाहिजेत. झाकण बदलायचंच असेल तर त्याच्या पट्टीखाली बुटाइल टेप, म्हणजे मऊ, चिकट रबरी पट्टी, घाला, स्क्रू आवळा, आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा आवळा, कारण बुटाइल दबून बाहेर येतं आणि स्क्रू सैल होतात. बाहेर आलेला भाग कापून मग वरून सीलंट. बुटाइल आतली तटबंदी, सीलंट बाहेरची.

पुढच्या टोकाला, जिथे रबर संपून फायबरचं कपाळ सुरू होतं, तो सांधा सगळ्यात जास्त मार खातो. तिथे टप आणि कपाळ वेगवेगळ्या गतीनं आकुंचन-प्रसरण पावतात. नुसत्या सीलंटपेक्षा तिथे रुंद चिकटपट्टी किंवा लेपात बुडवलेलं पॉलिस्टरचं कापड टिकतं. पण पट्टी एकदा बसली की निघत नाही, म्हणून आधी सांधा कोरडा आहे याची खात्री. ओल्या लाकडावर मारलेली पट्टी ओल आत कोंडते.

मऊ लागणारा टप, फुगे आणि लेप चालणार नाही अशी लक्षणं

टपावर चालायच्या आधी हातानं दाबत जा, गुडघे आणि तळवे टेकून. मऊ, दबणारी जागा लागली तर त्याखालचं लाकूड भिजलंय किंवा कुजलंय. ओल मोजायचं दोन सुयांचं मीटर आतून छताला लावून बघा. लाकडात ओल 20 टक्क्यांच्या वर गेली की बुरशीला आमंत्रण. अशा टपावर लेप देणं म्हणजे ओली जखम पट्टीनं बांधणं: ऊन लागलं की खालची वाफ वर येते आणि नवा लेप फोडांसारखा फुगतो. गळती बंद करा, आतून छताचा पत्रा थोडा उघडा, पंखा किंवा हवा कोरडी करणारं यंत्र लावा आणि आठवडे जाऊ द्या. कुजलेलं असेल तर तेवढं लाकूड बदलल्याशिवाय सुटका नाही.

फुग्यांचं निराळं. तळहाताएवढा, उन्हात फुगणारा आणि रात्री बसणारा फुगा म्हणजे बहुतेकदा खालचा गोंद सुटलाय, बाकी काही नाही. कापू नका. पेन्सिलीनं भोवती रेघ मारून तारीख लिहा; सहा महिन्यांनी रेघेच्या बाहेर गेला नसेल तर विसरून जा. टोकदार, बोटाच्या पेराएवढा उंचवटा असेल तर खालचा स्क्रू वर येतोय. तो मात्र वेळीच बघावा लागतो, नाहीतर आतून रबर भोसकतो: बारीक चीर देऊन स्क्रू काढायचा, शेजारी नवा मारायचा, आणि ठिगळ.

गाडी वेगात असताना मागून येणाऱ्यांनी "तुमचा टप शिडासारखा फुगतोय" असं सांगितलं तर पुढच्या कडेनं वारा आत शिरतोय किंवा मोठ्या भागाचा गोंद सुटलाय. यावर लेप हा उपाय नव्हेच. कड पुन्हा पक्की करून थांबलं तर ठीक, नाहीतर नवं रबर घालावं लागतं.

कोणता लेप

पाण्यात मिसळणारा अ‍ॅक्रिलिक लेप वापरायला सगळ्यात सोपा, हात धुता येतात, चुका पुसता येतात. त्याचं वाईट वागणं पाणी साचतं तिथे दिसतं. दिवसचे दिवस पाण्याखाली राहिला की तो मऊ पडतो आणि सुटतो. एसीच्या मागे तळं साचत असेल तर तिथला अ‍ॅक्रिलिक सगळ्यात आधी जाणार. माझा दुसरा लेप असाच गेला.

सिलिकोनचा लेप साचलेल्या पाण्याला दाद देत नाही आणि उन्हात फार टिकतो. किंमत मात्र वेगळ्या रूपात मोजावी लागते: ओला असताना आणि वाळून पुन्हा भिजल्यावरही तो निसरडा, धूळ ओढून घेतो, आणि एकदा दिला की त्या टपावर पुढे कायम सिलिकोनच. बुटाची एक ठसाठशीत खूण शिडीवर उमटली तर ती गाडी विकेपर्यंत राहते. द्रवरूप ईपीडीएम आणि युरेथेनचे लेपही मिळतात. ते चिवट असतात, पण वास उग्र, मिसळल्यावर हाताशी वेळ मोजका, आणि वाळायला हवामानाचे नखरे जास्त. टीपीओवर काहीही द्यायचं तर डब्यावर टीपीओचं नाव हवं आणि त्याचाच प्रायमर हवा. त्या प्लास्टिकला मुळात कुणी चिकटलेलं आवडत नाही.

डबे किती लागतील याचा हिशेब सोपा आहे. 1 लिटर लेप 1 चौरस मीटरवर पसरला की 1 मिलिमीटर जाडीचा ओला थर होतो. त्यातलं पाणी किंवा सॉल्व्हंट उडून जे उरतं ते डब्यावर घनांश म्हणून लिहिलेलं असतं. समजा टप 9 मीटर लांब, 2.4 मीटर रुंद, म्हणजे 21.6 चौरस मीटर. वाळल्यावर अर्धा मिलिमीटर थर हवा आणि लेपात आकारमानानं घनांश 50 टक्के, तर 21.6 लिटर लागणार. घनांश 90 टक्के असलेला सिलिकोन लेप असेल तर तेवढ्याच थराला 12 लिटर पुरतात. माझ्या पहिल्या वेळी याच मापाच्या टपावर मी 8 लिटरमध्ये "दोन हात" उरकले होते. ते लेपाचे हात नव्हतेच, रंगाची फुंकर होती.

धुणं, चाचणी, मग रोलर

धुवायच्या आधी भिंती पाण्यानं भिजवा आणि धुणं संपेपर्यंत ओल्या ठेवा, म्हणजे टपावरची भुकटी त्यांच्यावर वाळून बसणार नाही. मध्यम ब्रश, सौम्य साबण, थोडा थोडा भाग घेऊन. साबण लागलेलं रबर बर्फासारखं निसरडं असतं. पुढून शिडीकडे, मागे सरकत काम करायचं आणि कडेकडे पाठ कधीच करायची नाही. वजन फळीवर विभागलं तर टपालाही बरं. दोनदा धुऊन वाळल्यावर काळं फडकं घासा. फडकं पांढरं होतंय तोवर पुन्हा धुवा.

आता अशी एक पायरी, जी मी दोन्ही वेळा गाळली होती. कुठल्यातरी कोपऱ्यात वीतभर जागेवर प्रायमर आणि लेप द्या, ओल्या लेपात दोन बोटं रुंद सुती कापडाची पट्टी दाबा, एक टोक मोकळं ठेवा आणि वरून पुन्हा लेप द्या. आठवडाभर जाऊ द्या. मग मोकळं टोक धरून ओढा. कापड फाटलं किंवा लेप मधूनच तुटला तर पकड चांगली. लेप अखंड, स्वच्छ सोलून निघाला तर संपूर्ण टपावरही तसाच निघणार. दोन वर्षांनी कळण्याऐवजी आठवड्यात कळलं.

हवा कोरडी हवी आणि टपाचं तापमान दवबिंदूपेक्षा, म्हणजे ज्या तापमानाला दव पडायला लागतं त्यापेक्षा, निदान 3 अंश सेल्सिअस जास्त हवं. भर उन्हात तापलेल्या टपावर लेप वरून लगेच सुकतो आणि आत ओला राहतो, त्याचे फोड येतात. सकाळी दव उडाल्यावर सुरुवात आणि संध्याकाळचं दव पडायच्या बऱ्याच आधी थांबणं, एवढं पाळलं तरी पुरतं. आधी ब्रशनं सगळी भोकं आणि सांधे, मग रोलरनं मैदान. पहिला हात लांबीत, दुसरा रुंदीत. पहिल्या हातासाठी करड्या आणि दुसऱ्यासाठी पांढऱ्या रंगाचा डबा मिळाला तर उत्तम. कुठे पातळ राहिलं ते डोळ्यांनाच दिसतं. थर मोजायला कंगव्यासारखी दातेरी पट्टी मिळते, ती ओल्या लेपात टेकवायची आणि कुठल्या दातापर्यंत लेप लागला ते वाचायचं. रोलर फिरवताना वाटतं जाड झालंय. पट्टी निम्मं सांगते.

यानंतर वर्षातून दोनदा, आणि गाडी बरेच महिने उभी राहणार असेल तर उभी करायच्या आधी, सांधे तपासायचे. फांद्या घासतील अशा जागी गाडी लावू नका, आणि ताडपत्रीनं झाकू नका: वाऱ्यानं ती टपावर घासत राहते आणि लेप सोलते. हवा जाऊ देणारं आवरण वेगळं, ते चालतं. उभी करताना गाडीचं एक टोक किंचित खाली ठेवलं तर एसीमागचं तळं आपोआप रिकामं होतं.

आणि एक चिठ्ठी. टप कशाचा, लेप कोणत्या जातीचा, प्रायमर कोणता, सीलंट कोणतं, तारीख. कपाटाच्या दाराच्या आतल्या बाजूला पक्क्या शाईनं लिहून ठेवा. माझ्या कपाटात आता त्याखाली मुलीच्या अक्षरात एक ओळ आहे: "पावसातून आलो, गादी कोरडी."